कमरेचं रिव्हॉल्वर टोचतं, घसरतं, शर्टातून दिसतं: एकेक कारण कसं शोधायचं

परवान्याचं रिव्हॉल्वर रोज कमरेला लावणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. साताऱ्यात मी चामड्याचं काम करतो. पट्टे, बॅगा आणि गेली बरीच वर्षं होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचं रिव्हॉल्वरचं कव्हर. येणाऱ्यांत निवृत्त फौजी असतात, सराफ, पेट्रोल पंपवाले, विट्याकडचे गलाईवाले (सोनंचांदी गाळणारे), तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. प्रत्येकाला वाटतं आपला त्रास वेगळा आहे. प्रत्यक्षात तो पुढच्यापैकीच एखादा निघतो:

- उभं असताना काही वाटत नाही, पण बसलं की रिव्हॉल्वरची मूठ बरगडीत रुतते.
- दुपारपर्यंत पँट एका बाजूनं दोन बोटं खाली उतरते आणि सारखी वर ओढावी लागते.
- रात्री पट्टा सोडल्यावर खुब्याच्या हाडावर सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या गोल भागाच्या) आकाराचा लाल वळ दिसतो.
- मूठ अंगापासून बाहेर फाकते, मागून शर्टावर उंचवटा दिसतो.
- खाली वाकलं की शर्ट वर जातो आणि मूठ उघडी पडते.
- घामानं कातडी चुरचुरते, होल्स्टर मऊ पडलंय, रिव्हॉल्वरवर तांबूस ठिपके आलेत.
- मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात.
- हात नकळत सारखा तिथं जातो.

शेवटचं लक्षण लोक सांगत नाहीत, ते मला समोर उभ्या माणसाकडे बघून कळतं. माझ्या दृष्टीनं तेच सगळ्यात वाईट. टोचणारं हत्यार माणूस फार दिवस अंगावर ठेवत नाही. आधी हात जातो, मग गाडीच्या डॅशबोर्डात ठेवणं सुरू होतं, मग सीटखाली, मग ‘जरा धर रे’ म्हणून ड्रायव्हरकडे. परवाना ज्याच्या नावावर त्यानंच हत्यार बाळगायचं असतं; दुसऱ्याच्या ताब्यात सोडून देणं हा गुन्हा आहे. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्वर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये अंगाला लावलेलं किंवा तशा बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. त्यामुळे ते कमरेला नीट बसणं हा नुसता आरामाचा मामला राहत नाही.

आधी रिव्हॉल्वर रिकामं करा

पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या रिव्हॉल्वरवर करायची. सिलिंडर उघडा, सहाही घरांतून काडतुसं काढा, ती दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, परत येऊन सहाही घरं बोट घालून बघा. नुसतं बघून भागत नाही. आपल्याकडे जास्त दिसणारं ऑर्डनन्स फॅक्टरीचं पॉइंट ३२ बोअर मधून मोडून उघडतं. उघडताना काडतुसं एकदम वर उचलली जातात, पण एखादं तिरकं होऊन तिथंच अडकलेलं असू शकतं. म्हणून बोट.

पट्टा ओढणं, वाकून बघणं, होल्स्टर मागेपुढे सरकवणं, या गडबडीत बोट चापावर (ट्रिगरवर) जायला वेळ लागत नाही. घरात मुलंबाळं, नातवंडं असतील तर ती बाहेर गेल्यावरच हे काम काढा.

खिसे आणि शर्ट: फुकट तपासणी

पँट एका बाजूनं उतरत असेल तर आधी खिसे रिकामे करून बघा. उजव्या कमरेला रिव्हॉल्वर, त्याच बाजूच्या खिशात मोबाईल, गाडीची किल्ली, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा आणि मागच्या खिशात जाडजूड पाकीट, अशी कित्येक माणसं मी बघितली आहेत. ऑर्डनन्सच्या पॉइंट ३२ चं रिकाम्याचं वजनच ७०० ग्रॅमच्या आसपास. सहा काडतुसं धरली की पाऊण किलोच्या पुढे जातं. त्यात किल्ल्या नि मोबाईल मिळवले की किलोभर ओझं एकाच बाजूला लोंबतं. बाकीचं सगळं डाव्या खिशात हलवा आणि दोन दिवस थांबून बघा. मागच्या खिशातलं पाकीट तर कायमचंच काढा, कारण बसल्यावर त्यानं एक कुल्ला वर उचलला जातो, कंबर तिरकी होते आणि मूठ बरगडीकडे कलते.

शर्टाचं म्हणाल तर पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, अंगाबरोबर शिवलेला शर्ट काहीच लपवत नाही. नेतेमंडळींना तोच आवडतो आणि तक्रारही त्यांचीच जास्त. चौकड्यांचा किंवा बारीक छापाचा, जरा जाड सुताचा, पँटच्या बाहेर सोडलेला शर्ट घ्या. लांबी इतकी हवी की दोन्ही हात वर केल्यावर होल्स्टरचा खालचा भाग दिसता कामा नये. नेहरू शर्टाला बाजूच्या चिरा असतात. बसल्यावर त्या नेमक्या मुठीवर उघडतात. शिंप्याला सांगून चीर चार बोटं खालून सुरू करून घ्या, काम होतं. आत बनियन घालाच आणि तो होल्स्टर आणि कातडी यांच्यामध्ये येईल असा पँटमध्ये खोचा. निम्मी चुरचुर तिथंच थांबते.

धोतर नेसणाऱ्या जुन्या मंडळींसाठी: धोतराच्या गाठीवर किंवा कोपरीच्या खिशात रिव्हॉल्वर टिकत नाही. खिशात चाप उघडा राहतो, तो धोका वेगळाच. सदऱ्याच्या आत, धोतरावरून स्वतंत्र रुंद पट्टा बांधायचा आणि होल्स्टर त्याला लावायचं.

जागा बदलून बघा

यालाही पैसे लागत नाहीत. कंबर म्हणजे घड्याळ समजा. बेंबी बारावर, उजवा खुबा तीनवर. बहुतेक जण बरोबर तीनवर लावतात, कारण तिथं हात सरळ जातो. पण नेमकं तिथंच खुब्याचं हाड वर आलेलं असतं आणि रिव्हॉल्वरचा सगळ्यात जाड भाग, म्हणजे सिलिंडर, त्या हाडावर बसतो. तो लाल वळ तिथला.

होल्स्टर पँटचा एक लूप मागे, साडेतीन-चारच्या दरम्यान सरकवा. खुब्याच्या हाडामागे कमरेला एक खोलगट जागा असते, बोटानं चाचपली की कळते. सिलिंडर त्या खळग्यात बसला पाहिजे. नुसत्या या एका बदलानं बरं वाटलेली माणसं पुष्कळ आहेत. मात्र मागे सरकवताना हावरटपणा करायचा नाही. चारच्या पुढे गेलं की वाकल्यावर मूठ शर्टातून वर येते.

बरोबर पाठीच्या कण्यावर, सहावर, तर कधीच लावू नका. मोटारसायकलवरून घसरून पाठीवर पडलात तर कणा आणि रस्ता यांच्यामध्ये लोखंड असणार. शिरवळ ते कोल्हापूर हायवेवर रोज दुचाकीनं जाणाऱ्यांना हे मी बजावून सांगतो. समोर, पोटाच्या बाजूला लावणारे काही जण आहेत. आपल्याकडे जेवायला, देवाला, दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसायचं असतं. अशा बसण्यात नळी मांडीच्या किंवा जांघेच्या दिशेनं वळते आणि मूठ पोटात घुसते. मी ती जागा सुचवत नाही.

गाडीत बसण्याची जागाही बघा, इकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याच्या सीटबेल्टचं बक्कल डाव्या खुब्याला येतं, उजवीकडच्या होल्स्टरला ते नडत नाही. पण मालक माणूस बसतो ड्रायव्हरशेजारी किंवा मागे डावीकडे. तिथं बक्कल येतं उजव्या खुब्याला, थेट होल्स्टरवर. मग एक तर ते रुततं, नाही तर माणूस बेल्टच लावत नाही. उजव्या हाताचे असाल तर मागे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसत चला. साताऱ्याहून पुण्यापर्यंतचा प्रवास एकदा असा करून बघा. गाडीतून उतरताना शर्ट बेल्टखाली अडकून वर राहतो, तो उभं राहण्याआधीच खाली ओढायची सवय लावा.

पट्टा

आता मुख्य गोष्ट. इतके सगळे त्रास बघितल्यावर माझं ठाम मत झालंय की होल्स्टरच्या नावानं येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक पट्ट्याच्या असतात. माणूस लाखाच्या वर किमतीचं हत्यार घेतो, होल्स्टरला हजार-दोन हजार मोजतो आणि ते सगळं लटकवतो बाजारातल्या दोनशे रुपयांच्या पट्ट्याला. त्या पट्ट्यात वरून रेक्झिन आणि आतून पुठ्ठा असतो. नवा असताना कडक लागतो, घाम लागला की आतला पुठ्ठा मऊ पडतो.

विट्याचे एक गलाईवाले शेठ आले होते. बाहेरच्या राज्यात सोन्याचांदीचं काम, महिन्यातून गावाकडे येणं. दुकानात शिरल्याबरोबर म्हणाले, “भाऊ, हे कव्हर बदलून द्या. तिसरं आहे. बसलं की मूठ इथं लागते.” मी म्हटलं, “शेठ, कव्हर राहू द्या. पट्टा सोडून द्या माझ्याकडे.” पट्टा कमरेला असतो तसाच, कड वर करून, बक्कलापासून हातभर अंतरावर धरला. बक्कलाकडचं टोक लगेच खाली लोंबलं. मग त्यांच्यासमोरच दोन्ही हातांत वीतभर भाग धरून पिळला, तर कापडासारखा पिळला गेला. होल्स्टरचा भार जिथं यायचा तिथं पट्ट्याची वरची कड बाहेर दुमडून पांढरी पडली होती. एवढ्यावर निदान झालं. पट्टा वरून बाहेर कलतो, त्याबरोबर मूठ बाहेर फाकते, ती शर्टाला दिसते म्हणून माणूस पट्टा आणखी एक भोक आवळतो, आणि आवळल्यावर तीच मूठ बसताना बरगडीत घुसते. तीन होल्स्टर बदलूनही हे बदलणार नव्हतं. त्यांना पट्टा करून दिला, होल्स्टर तेच ठेवलं.

तुम्ही घरी हीच तपासणी करा: कड वर धरून लोंबतो का, पिळला तर पिळतो का, होल्स्टरच्या जागी कड दुमडली आहे का. तिन्हीपैकी एकालाही ‘हो’ असेल तर पुढचं काही करू नका, आधी पट्टा बदला.

कसा घ्यायचा? दीड इंच, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर रुंद. चामड्याचे दोन थर एकमेकांना पाठ लावून चिकटवलेले आणि दोन्ही कडांनी मेणाच्या दोऱ्यानं शिवलेले. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला वापरतात ते बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं याला उत्तम, ते घट्ट असतं आणि पुढं अंगाच्या वळणाला बसतं. सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे होल्स्टरच्या लूपचं. लूप दोन इंचांचा आणि पट्टा सव्वा इंचाचा असेल तर होल्स्टर दिवसभर वरखाली डुलत राहणार. पट्टा लूपमधून जरा जोर लावूनच सरकला पाहिजे. पँटच्या लूपमधूनही तो जातो का हे आधी बघा, तयार पँटचे लूप कधी कधी अरुंद असतात. शिंपी पाच मिनिटांत बदलून देतो. आणि भोकांचं अंतर इंचभर नको, अर्धा-पाऊण इंच हवं. सकाळची कंबर आणि दुपारच्या जेवणानंतरची कंबर एक नसते, तेवढं सैल करायला मधलं भोक लागतं.

नवा पट्टा पहिले आठ-दहा दिवस टोचेल. त्या काळात रिकामं रिव्हॉल्वर लावून घरातच संध्याकाळचा तास-दोन तास वावरा. खुर्चीत बसा, मांडी घाला, बुटाची नाडी बांधा, गाडीत चढा-उतरा, खालून काहीतरी उचला. यातलं ज्यात टोचेल तेवढंच लक्षात ठेवा. पुढचं दुरुस्तीचं काम त्यावरून ठरतं.

होल्स्टरची उंची आणि कल

पट्टा चांगला आहे, जागा बरोबर आहे, तरी त्रास आहे, तेव्हा होल्स्टरकडे यायचं.

बसल्यावर मूठ बरगडीला लागत असेल तर होल्स्टर फार वर बसलंय. नळीचं टोक खुर्चीला टेकून सगळं वर ढकललं जात असेल तर फार खाली. ही दोन्ही लक्षणं बाहेरून सारखीच वाटतात, त्यामुळे आरशासमोर खुर्चीत बसून बाजूनं बघा किंवा घरातल्या कोणाला बघायला सांगा. आखूड धडाच्या माणसाला खाली लागतं. बायकांना तर हमखास खाली लागतं, कारण कंबर आणि नितंब यांच्या वळणामुळे उंच होल्स्टरची मूठ सरळ बरगडीत वळते. पुरुषांच्या मापानं केलेलं होल्स्टर त्यांना देऊन उपयोग नाही. पोट सुटलेल्या माणसाला मूठ जराशी मागे आणि खाली लागते.

कल म्हणजे नळी किंचित मागे, मूठ किंचित पुढे. असा दहा-पंधरा अंशांचा कल दिला की मूठ शरीराच्या रेषेत येते, मागच्या बाजूनं शर्टाला टोक करत नाही. अगदी सरळ उभं होल्स्टर चारवर लावलं तर मुठीचं टोक मागे बाहेर निघतं, त्याचा उंचवटा लांबून ओळखू येतो.

तिसरी गोष्ट पट्ट्याला धरण्याची. जुन्या पद्धतीचं, मागे एकच लूप असलेलं होल्स्टर पट्ट्याला लोंबतं. त्याऐवजी होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना पंख काढून त्यात दोन लांब चिरा दिल्या तर पट्टा त्याला दोन ठिकाणी धरून अंगाशी ओढून घेतो. जुन्या होल्स्टरलाही मागून असा पंखाचा तुकडा शिवता येतो. कोणताही जाणता चर्मकार रापी, आरी आणि अर्ध्या दिवसाच्या कामात हे करून देईल, नवं घ्यायची गरज नाही.

पंखांना टिचबटणाचे लूप लावून घेतले तर आणखी एक अवघड प्रश्न सुटतो, तो संडासचा. यावर कोणी मोकळं बोलत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात पट्टा सुटला की होल्स्टर फरशीवर आपटतं. मग रिव्हॉल्वर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं जातं आणि तिथंच राहतं. ढाब्यावर, लॉजवर असं विसरलं तर काय होईल ते सांगायला नको. टिचबटणं सोडली की अख्खं होल्स्टर रिव्हॉल्वरसकट निघतं. चापाला हात लागत नाही, आणि ते मांडीवर सोडलेल्या पँटच्या घडीत ठेवता येतं. ते नजरेसमोर राहतं, विसरून उठताच येत नाही.

चामडं मऊ पडलंय का

होल्स्टरमधून रिकामं रिव्हॉल्वर काढा आणि तोंड बघा. ते उघडं राहतं की मिटतं? मिटत असेल तर रिव्हॉल्वर परत ठेवताना दुसरा हात लावून तोंड उघडावं लागतं आणि तुमचीच बोटं नळीसमोर येतात. त्याहून वाईट म्हणजे मऊ पडलेली चामड्याची घडी चापाच्या कड्यात शिरते आणि रिव्हॉल्वर आत दाबताना चाप ओढते. असं होल्स्टर दुरुस्त करू नका, फेकून द्या. याबाबत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही. चापाचं कडं पूर्ण झाकलं पाहिजे, हा दुसरा नियम.

पकड तपासायची तर पलंगावर गादी असू द्या, रिकामं रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये ठेवा, वरची पट्टी सोडा आणि गादीवर होल्स्टर उलटं धरा. रिव्हॉल्वर टपकन पडलं तर सैल आहे. जागेवर राहिलं किंवा हलकेच सरकलं तर ठीक. वरच्या पट्टीचंही बघा: मधून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरचा उघडायचा खटका डाव्या बाजूला घोड्याजवळ (मागच्या हॅमरजवळ) असतो, पट्टी त्या खटक्यावर घासता कामा नये.

नवं करून घेताना क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं घेऊ नका, ते आकार धरत नाही. हिरड्या-बाभळीचं तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं चामडं कोमट पाण्यात भिजवून साच्यावर दाबलं आणि सावलीत वाळवलं की कडक होतं आणि रिव्हॉल्वरचं अंगन् अंग त्यावर उमटतं. तोंडाला वरून आणखी एक थर, म्हणजे मिटत नाही. अंगाकडच्या बाजूला जीभ थोडी वर काढायची, ती घोडा आणि कातडी यांच्यामध्ये राहते. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवलेलं चामडं तडकतं. आणि तेल पाजून मऊ करायचा मोह टाळा, होल्स्टरचा कडकपणा हाच त्याचा गुण.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माप द्यायला येणारे ‘ठेवून घ्या, उद्या नेतो’ म्हणतात. आम्ही चर्मकार तुमचं हत्यार ठेवून घेऊ शकत नाही, आणि ठेवून घेणाऱ्याकडे तुम्ही देऊ नका. रिकामं रिव्हॉल्वर मालकानं स्वतः कागदावर धरायचं, मी पेन्सिलनं रेघ मारतो, जाडीची मापं घेतो. चामडं दाबायला माझ्याकडे नेहमीच्या रिव्हॉल्वरांचे सागवानी साचे आहेत. तुमचं रिव्हॉल्वर वेगळं असेल तर साचा कोरायला वेळ लागतो, पण हत्यार दुकानात राहत नाही.

घाम आणि गंज

सांगलीकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कमरेचं चामडं रोज भिजतं. महाबळेश्वर, पाटणच्या पावसात ते वाळतच नाही. घरी आल्यावर रिव्हॉल्वर होल्स्टरमधून काढा, कोरड्या कापडानं पुसा, तेलाचं अगदी पुसट बोट द्या आणि कुलपात ठेवा. होल्स्टर वाऱ्यावर वेगळं टांगा. रात्रभर चामड्यात राहिलेलं लोखंड गंजतं, कारण चामड्यातली ओल त्याला सोडत नाही. जादा काडतुसं चामड्याच्या खोबणीत महिनोन्‌महिने ठेवली तर पितळेवर हिरवट थर चढतो. तो चढलेलं काडतूस वापरू नका.

निवडणुकीत ज्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात त्यांनी ते होल्स्टरसकट देऊ नये. तेल लावून, सुती कापडात गुंडाळून द्या, होल्स्टर घरी ठेवा. परत आल्यावर कमरेला लावण्याआधी नळी आणि सहाही घरं उजेडात बघा.

खांदा, पाय, बॅग

थोडक्यात. खांद्याचं होल्स्टर पाठीच्या आणि खुब्याच्या दुखण्यात बरं पडतं, पण वर जॅकेट लागतं आणि आडव्या प्रकारात नळी मागच्या माणसाकडे राहते. पायाच्या घोट्याला पाऊण किलो बांधून चालणं होत नाही. बॅग नेलीच तर आत स्वतंत्र होल्स्टर शिवलेली, दुसरं काही न ठेवलेली आणि छातीवरून आडवी घातलेली हवी. दुकानाच्या काउंटरवर ठेवायची बॅग नव्हे.

हत्यारच बदलायचं का

सगळं करूनही वजन पेलवत नसेल, वय झालं असेल, कमरेचं ऑपरेशन झालं असेल, तर हलकं रिव्हॉल्वर हा शेवटचा आणि महागाचा मार्ग. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं २०१४ मध्ये काढलेलं ‘निर्भीक’ पॉइंट ३२ बोअरचंच आणि टायटॅनियम मिश्रधातूचं आहे, वजन साधारण अर्धा किलो. दोनशे ग्रॅमचा फरक हातात जाणवत नाही, कमरेला संध्याकाळी जाणवतो. पण जुनं विकणं, नवं घेणं, परवान्यावर नोंद करणं हे सगळं परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या मंजुरीनं होतं. म्हणून म्हणतो, आधी पट्टा.

आणि रिव्हॉल्वर लांब पडतं म्हणून नळी कापून आखूड करून देणारा कोणी भेटला तर तिथून निघून या. परवान्याशिवाय नळी आखूड करणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. मूठ जाड असेल तर ती कानशीनं घासत बसू नका. ती बदलता येते, पण ते कामही परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं.

कुठं थांबायचं

चामड्यानं सुटणारे प्रश्न इथवरच. सिलिंडर बंद केल्यावर डुलत असेल, खटका आपोआप सुटत असेल, घोडा मागे टिकत नसेल, चाप पूर्वीपेक्षा हलका लागत असेल, रिव्हॉल्वर फरशीवर पडलं असेल किंवा घरांत गंजाचे खड्डे दिसत असतील, तर ते त्या दिवसापासून कमरेला लावू नका. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच न्या. जुन्या विलायती रिव्हॉल्वरांत घोड्याला धक्का बसला तर काडतूस फुटू नये अशी सोय सगळ्यांत नसते. तुमच्यात ती आहे का, हे त्यालाच विचारा. खात्री होईपर्यंत घोड्याखालचं घर रिकामं ठेवा.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर पट्टा तिथल्या शिरेला दाबतो आहे. पट्टा सैल करून, होल्स्टर काढून आठवडाभर बघा. नाही थांबलं, किंवा दुखणं कमरेतून पायात उतरत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि पट्ट्यावर काय लावता ते त्यांना सांगा. कातडी फुटून पाणी येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे. नवं होल्स्टर हा त्यावरचा इलाज नाही.

यात्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथं खास परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, हे परवान्याच्या अटींतच छापलेलं असतं. पालीच्या खंडोबाच्या यात्रेला जायचं आहे, गर्दीत न दिसणारं होल्स्टर करून द्या, असं सांगत आलेल्यांना मी परत पाठवतो. त्या दिवशी ते घरच्या कुलपात राहू द्या.

चर्मकाराकडे जाताना रोजची पँट घालून, रोजचा पट्टा लावून आणि रोजचाच शर्ट घालून जा. नव्या कपड्यांत आलात तर त्रास दिसत नाही. परवाना सोबत ठेवा. काडतुसं घरी ठेवून या. आणि दिवसाचा बराच वेळ कसे बसता, गादीवर, खुर्चीत, गाडीत की मोटारसायकलवर, ते सुरुवातीलाच सांगा, कारण उंची आणि कल त्यावरून ठरतात.